चौदाशेतली मूठ

तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, आणि तिच्या ताटात तेव्हा काय उरलेलं असतं, हे तुम्ही कधी उठून बघितलंय? नाही ना? मग प्रेमा घाडीची गोष्ट नीट ऐका. आणि मध्येच ‘बाई खुळीच होती’ असं म्हणू नका. खुळी असती तर निभावून गेलं असतं. प्रेमा हिशेबी होती. घर हिशेबाने चालवणारी होती. तिथेच वाट लागली.

नाहूर स्टेशनच्या पुलाखाली संध्याकाळी ज्या बायका चिरलेल्या भाजीच्या पिशव्या घेऊन बसतात, त्यांच्यात कडेला बसणारी ती प्रेमा. निवडलेली मेथी, शिरा काढलेली गवार, सोललेला वाटाणा, हंगामात फणसाची कुयरी, म्हणजे कोवळा फणस. ऑफिसातून सुटलेल्या बायका चालता चालता पिशवी उचलतात आणि घरी जाऊन फोडणीला टाकतात. दुपारभर प्रेमा घरात विळीवर, संध्याकाळी पुलाखाली. नवरा गुणाजी मुलुंडच्या एका टॉवरमध्ये लिफ्ट चालवतो, म्हणजे लिफ्ट स्वतःच चालते, हा आत स्टुलावर बसून बटणं दाबतो. मुलगी सपना कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. घर झोपडपट्टीच्या जागी उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर, आणि तिथली लिफ्ट मात्र दोन वर्षं बंद. टॉवरवाल्यांना खाली-वर न्यायला गुणाजी आहे, गुणाजीच्या बायकोला सात मजले पाय आहेत. असो.

प्रेमाचा एकच भाऊ, हर्षद. तिच्याहून चार वर्षांनी लहान, घाटकोपरला राहणारा, असल्फ्याच्या बाजूला. एसी दुरुस्त करायचा. जुनी कावीळ अंगात मुरली होती ती कुणाला कळली नाही, आणि कळली तेव्हा लिव्हर संपत आलं होतं. पोटात पाणी भरायला लागलं, डोळे पिवळे झाले. आजूबाजूच्यांनी लगेच ठरवून टाकलं की पित असणार. हर्षद सोड्यालासुद्धा नाक मुरडायचा. पण लोकांना काय, लिव्हर म्हटलं की बाटली.

मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं, घेणारा वाचतो. हर्षदची बायको श्वेता आधी पुढे झाली, तिचा रक्तगट जुळला नाही. मग प्रेमा. तिचा जुळला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला तोच स्कॅन आला.

डॉक्टर म्हणाले, “तुमच्या लिव्हरमध्ये चरबी आहे. असं लिव्हर मी काढू शकत नाही. त्यालाही धोका, तुम्हालाही. पाच-सहा किलो वजन उतरवा. दोन महिने देतो. मग पुन्हा तपासू.”

“दोन महिने तो थांबेल?” श्वेताने विचारलं.

“सध्या तरी थांबेल असं दिसतंय.”

कॉटवर पडल्या पडल्या हर्षद हसला. “ताय, माझ्या लग्नात नव्या साडीचा ब्लाऊज बसेना म्हणून जेवण सोडत होतीस, तेव्हा झाला नाय. आता माझ्यासाठी झिरो फिगर करतलंस?”

“गप मेल्या,” प्रेमा म्हणाली.

त्या दिवशी ती एवढंच बोलली. घरी आली, विळी पुढे ओढली आणि उरलेली गवार मोडत बसली. सपनाने विचारलं, “आई, तुला भीती वाटतेय का?” प्रेमाने जरा विचार केला. भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावला की आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो ना, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. पण हे मुलीला कसं सांगणार? ती म्हणाली, “उद्या किती वाजता जायचंय त्या जेवणवालीकडे?”

जेवणवाली म्हणजे इस्पितळातली आहारतज्ज्ञ, गंधाली. तिशीची, चष्मेवाली, मुलुंडचीच. वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही कुणावर तरी खापर फोडायला बघाल, आणि ती तुम्हाला सोयीची वाटेल.

गंधालीने उंची घेतली, पाच फूट. वजन घेतलं, एकाहत्तर. वय चव्वेचाळीस. मग कागदावर आकडेमोड करून सपनाला आणि प्रेमाला दाखवली.

“बघा काकू, तुम्ही दिवसभर नुसत्या पडून राहिलात, बोटसुद्धा हलवलं नाहीत, तरी श्वास घ्यायला, हृदय चालवायला तुमच्या शरीराला साधारण पावणेतेराशे कॅलरी लागतात. ते वजन, उंची, वय यावरून काढतात. त्यात तुमचं काम. बसून भाजी चिरता, जिने चढता. ते धरून रोज अठराशेच्या आसपास खर्च होतात. आपण त्यातल्या चारशे कमी द्यायच्या. म्हणजे शरीर साठवलेली चरबी काढून वापरेल. अठराशेतून चारशे गेले, किती?”

“चौदाशे,” सपना म्हणाली.

“चौदाशे. हे तुमचं रोजचं टार्गेट. चौदाशेच्या वर जाऊ नका. आणि खालीही जाऊ नका हं. डाळ, अंडी, मासे, दही, हे सगळं पूर्ण खायचं. नाहीतर चरबीऐवजी मांस झडतं. एकदम उपाशी राहिलं तर लिव्हर उलट बिघडतं.”

प्रेमा मान डोलवत होती. ‘वर जाऊ नका’ हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. ‘खाली’चं काय ते तिने ऐकलं आणि सोडून दिलं. तुम्ही सांगा, या शहरात तिच्यासारख्या बाईला आजवर कुणी ‘कमी खर्चू नकोस’ म्हणून दटावलंय? रेशन कमी वापरलं तर शाबासकी, गॅस जास्त दिवस पुरवला तर शाबासकी. जे मिळालं त्यातून मागे ठेवते ती बाई चांगली. हे तिच्या हाडात मुरलेलं, आणि तुम्ही एका सकाळी चष्मा सावरून सांगणार की पूर्ण संपव.

“रोजच्या ताटाचा फोटो मला पाठवा,” गंधाली म्हणाली. “दोन्ही जेवणांचा. म्हणजे मला कळेल.”

सपनाने छोटा काटा आणला, स्वयंपाकघरातला, ताट ठेवलं की आकडा दाखवणारा. गंधालीने लिहून दिल्याप्रमाणे भात मोजला जाई, आमटीची वाटी मोजली जाई, बांगड्याचा तुकडा, काकडी. ताट भरलं की सपना वरून फोटो काढायची, पाठवायची, आणि आपलं ताट घेऊन अभ्यासाच्या टेबलाकडे जायची. गुणाजी तोवर जेवून टीव्हीसमोर बसलेला असायचा.

आणि मग प्रेमा ताटातला एक मूठ भात परत पातेल्यात टाकायची.

यात लपवाछपवी नव्हती. तिची आई मालन असंच करायची. हर्षदचा जन्म संपाच्या दिवसांतला. गिरणी बंद, बाप दारोदार काम शोधत फिरणारा, घरात दोन पोरं. मालन तांदूळ मापाने घ्यायची आणि चुलीवर ठेवायच्या आधी त्यातली एक मूठ परत डब्यात टाकायची. सगळ्यांच्या वाट्यातून नव्हे. आपल्या वाट्यातून. आठवडाअखेर डबा खडखडला की ती साठलेली मूठ-मूठ बाहेर निघायची आणि तिची पेज व्हायची, पोराला. ‘हर्षद त्या मुठींवर वाढला’, हे मालन मरेपर्यंत सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज चढायचा. प्रेमाने ते शंभरदा ऐकलं होतं. पुढे प्रेमाच्या घरात तांदळाला तोटा राहिला नाही, तरी तिचा हात मूठ मागे टाकतच राहिला. लग्नात, बाळंतपणात, सणावारी. हर्षदचं दुखणं आल्यावर तर तो हात जास्तच चालायला लागला.

आधी भाताची मूठ. मग अंड्यातलं अर्धं. मग बांगड्याचा मधला भाग गुणाजीच्या सकाळच्या डब्यासाठी झाकून. मग दही ‘आंबट झालंय’ म्हणून तसंच. तिने कधी शब्दांत मांडलं नाही, पण आत कुठेतरी तिचा हिशेब पक्का होता की आपण जे खात नाही ते हर्षदला पोचतंय. आपल्या अंगातून जेवढं उतरेल तेवढं त्याच्या अंगात भरेल.

ती मूठ हर्षदपर्यंत कधीच पोचली नाही. सकाळी तिचा फोडणीचा भात व्हायचा आणि तो गुणाजी डब्यात घेऊन जायचा.

वजन मात्र धडाधड उतरलं. तीन आठवड्यांत गाल बसले. बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. आणि लोकांची तोंडं सुटली.

“काय गं प्रेमा, झकास दिसतेयस! काय खातेस सांग तरी,” शेजारच्या पिशवीवाल्या बाईने पुलाखाली विचारलं.

“काय नाय. मोजून खाते.”

“आमच्याकडे मोजून खाल्लं तर सासू म्हणेल सुनेला दिवस गेलेत की काय!”

सगळ्या हसल्या. एक ओळखीची गिऱ्हाईक, बँकेत काम करणारी, थांबून म्हणाली, “प्रेमाताई, मला पण तुमचं डाएट द्या ना. मी तर हजारो घालवले, काही झालं नाही.” प्रेमाने तिला मेथीची पिशवी दिली. तिला बरं वाटायला हवं होतं. जन्मात पहिल्यांदा चार बायका तिच्या अंगाचं कौतुक करत होत्या. तिला तो आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

घरी जिना चढताना पाचव्या मजल्यावर ती बसायला लागली. आधी चढून जायची. विळीवर बोट दोनदा कापलं. सपना म्हणाली, “आई, तू नीट खातेस ना?”

“फोटो तूच काढतेस ना गं?”

“हो.”

“मग?”

सपना पुस्तकाकडे वळली. पोरीवर रागवायचं कारण नाही. ती फोटोवर विश्वास ठेवत होती, आणि फोटो खरा होता. भात मोजलेला, आमटी मोजलेली, चौदाशे जसेच्या तसे. फोटोत चौदाशे होते. पोटात हजारसुद्धा नव्हते.

दर रविवारी प्रेमा घाटकोपरला जायची. हर्षद खिडकीशी बसलेला असायचा, पोट पुढे, हातपाय काड्या.

“ताय, तू रोडावलंस गो.”

“मग? त्यासाठीच तर चाललंय.”

“तसला नाय. तुझा तोंड आईसारखा दिसता. शेवटच्या दिवसातल्या.”

“तुला काय आठवतंय आईचं? तू तर खुर्चीएवढा होतास मेल्या,” प्रेमाने मुद्दाम उडवून लावलं.

“खुर्चीएवढा काय, आई गेली तेव्हा मी मोठा झालेलो. एसी बसवत होतंय,” हर्षद म्हणाला, आणि त्याला हसताना दम लागला. श्वेताने पाठ चोळली. चोळता चोळता तिने प्रेमाकडे पाहिलं.

ठरल्या दिवशी प्रेमाची तपासणी झाली. वजन साठ किलोच्या घरात. सांगितलं होतं सहा किलो उतरवा, हिने दहा उतरवले. तपासायच्या खोलीबाहेर बाकावर बसताना तिची मान ताठ होती. ते एवढंच काय ते त्या दोन महिन्यांत तिला जाणवलं. परीक्षेत जास्त गुण आणलेल्या पोरासारखं काहीतरी.

डॉक्टरांनी कागद बघितले. पुन्हा बघितले.

“मॅडम, तुम्ही दोन महिने काय खाल्लंत?”

“सांगितलं तेच.”

“नाही. चरबी कमी झाली आहे, खरं आहे. पण रक्तातलं प्रोटीन खाली गेलंय, हिमोग्लोबिन खाली गेलंय, लिव्हरचे आकडे चढलेत. तुमचं शरीर दमलेलं आहे. या शरीरावर मी सुरी चालवणार नाही.”

“मी देते ना,” प्रेमा म्हणाली. “माझी तक्रार नाय. तुम्ही कापा.”

“तुमची तक्रार नसेल. टेबलावर तुम्ही गेलात तर मी काय सांगू तुमच्या मुलीला?”

गंधालीला बोलावलं. तिने मोबाइल उघडून सगळे फोटो एकामागून एक सरकवले. तिचं तोंड उतरलं.

“काकू, हे सगळं तर बरोबर आहे. हे तुम्ही खात होतात ना?”

प्रेमा फोटोतल्या ताटाकडे बघत होती.

“काकू?”

“मूठभर मागे टाकत होते.”

“मूठभर काय?”

“भात. आणि... थोडं थोडं सगळ्यातलं.”

“फोटो काढल्यानंतर?”

“हो.”

“अहो, मग मला खोटं का सांगितलंत?”

“खोटं कुठे सांगितलं?” प्रेमाला खरोखरच कळलं नाही. “वाढलं होतंच ना तेवढं.”

गंधालीने चष्मा काढला आणि पुसला. “मी फोटो रिकाम्या ताटाचा मागायला हवा होता,” ती म्हणाली.

श्वेता भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. “ताई,” ती म्हणाली, “तुम्हाला जेवायला सांगितलं होतं. एवढंच सांगितलं होतं. दुसरं काहीच नको होतं तुमच्याकडून.”

प्रेमाने मान हलवली. गुणाजी मध्ये पडला, “अगं, तिला कळलं नाही...”

“तुम्ही काय बघत होतात?” श्वेता त्याच्याकडे वळली. “एवढे दिवस डब्यात फोडणीचा भात नेत होतात, विचारलंत कधी कुठून येतो?”

गुणाजी जमिनीकडे बघत राहिला. चूक काढायचीच तर एवढी एक नीट काढा. तो माणूस वाईट नाही, पण सकाळी आयता डबा हातात आला की त्याला इतिहास विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

नवा आकडा निघाला, सतराशे. आता उतरवायचं नव्हतं, भरून काढायचं होतं. महिना-सव्वा महिना. मग पुन्हा तपासणी, आणि आकडे सुधारले की लगेच ऑपरेशन. तारीखसुद्धा पेन्सिलीने धरून ठेवली.

सतराशे खाणं प्रेमाला जमेना. पोट आक्रसलं होतं. चार घास गेले की ती ताट सरकवायची. त्यावर हर्षदनेच तोडगा काढला. दोन्ही वेळा तो व्हिडिओ कॉल लावायचा, मोबाइल उशीला टेकवून.

“दाखव ताट. हां. आता खा.”

“तू बघत बसलास तर खाऊ कशी?”

“मी काय दृष्ट लावतंय? खा गो. ती अंडी खा. माझा लिव्हर भुकेला बसलाय तुझ्या पोटात.”

ती घास घ्यायची. तिची मूठ ताटाकडे गेली की तो पलीकडून ओरडायचा, “ताय! हात मागे!” सपना खुसखुसायची. ते काही दिवस त्या घरात माणसं हसत होती. प्रेमा हसत नव्हती, पण खात होती. चव लागत नव्हती. बांगडा काय, भात काय, ओला कागद चावल्यासारखं. तरी गिळत होती, सगळं, ताट पुसून. वजन दीड किलो वर आलं. जिना पुन्हा एका दमात व्हायला लागला. गंधालीने रक्त तपासून सांगितलं, आकडे फिरतायत, अजून दोन आठवडे.

त्या दोन आठवड्यांतला पहिला संपत आला तेव्हा हर्षदला ताप आला. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. सकाळच्या जेवणाला कॉल आला नाही. प्रेमा भरलेलं ताट पुढे घेऊन मोबाइलकडे बघत बसली. मग श्वेताचा फोन आला की आयसीयूत नेलंय.

तिथे तो चार दिवस होता. एकदा शुद्धीवर आला. प्रेमाला आत सोडलं.

“जेवलंस?” त्याने विचारलं.

“जेवले.”

“पुरा?”

“पुरा.”

ते खरं होतं. खाली कॅन्टीनमध्ये बसून तिने इडल्या आणि अंडी संपवली होती, कारण तपासणी अजून व्हायची होती आणि तिने हिशेब सोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षद गेला.

श्वेताने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, सगळ्यांसमोर. “महिनाभर आधी ऑपरेशन झालं असतं तर?”

डॉक्टरांनी फाइल मिटली. “सांगता येत नाही. ऑपरेशनमध्येही काही होऊ शकलं असतं. वाचलाही असता. खरंच सांगता येत नाही.”

डॉक्टर प्रामाणिकपणे बोलले. त्या उत्तराचं प्रेमाने काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणीच सांगितलं नाही. दिवसपाण्याला जमलेल्यांपैकी एकानेही तिला दोष दिला नाही. उलट म्हाताऱ्या बायका पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, भावासाठी अंगाचं पाणी केलं हो बाईने, अन्न टाकलं. अशी बहीण मिळायला पुण्य लागतं. प्रेमा ते ऐकत बसली. कुणीतरी ओरडलं असतं तर कदाचित तिला रडू आलं असतं. कौतुकाने माणूस रडत नाही.

तेरावं झालं. सगळे आपापल्या घरी गेले. प्रेमा पुन्हा विळीवर बसायला लागली, संध्याकाळी पुलाखाली. आणि दोन्ही वेळा काट्यावर ताट. मोजलेला भात, मोजलेली आमटी, अंडी. सतराशे. सपनाला ती म्हणायची, “फोटो काढ.” सपना काढायची. पाठवायचा की नाही हे तिला कळायचं नाही, मग ती पाठवायची. तिकडे गंधालीला कळायचं नाही की काय उत्तर द्यावं. ती अंगठा पाठवायची. असं आठवडाभर चाललं. तीन शहाण्या बायका आणि एकीच्याही तोंडातून ‘आता बस’ निघेना.

मग एका दुपारी श्वेता आली. सात मजले चढून, घामाने भिजून. हर्षदची अवजारं ठेवायला तिच्या घरात जागा नव्हती, गुणाजीच्या ओळखीत कुणी घेईल का ते विचारायला आली होती. तिने दारातून बघितलं, प्रेमा काट्यापुढे बसून चमच्याने भात कमी-जास्त करतेय.

“ताई, आता कशाला मोजताय?”

प्रेमाने वर पाहिलं. “तपासणी बाकी होती ना.”

“कसली तपासणी?”

“कोणी बंद कर म्हणालं नाही मला.”

श्वेता तशीच उभी राहिली. तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते तिचं तिला ठाऊक. भांडायला तिला पूर्ण हक्क होता. नवरा गेला होता, आणि ज्या हाताने तो वाचला असता तो हात समोर भात मोजत होता. तिने पिशवी खाली ठेवली. हात धुतले. काट्यावरचं ताट उचललं, काटा बंद करून फळीवर ठेवला. मग पातेल्यातला भात आपल्या हाताने वाढला, अंदाजाने, एकदा प्रेमाला, एकदा स्वतःला. आमटी घातली. समोर मांडी घालून बसली.

“फोटो?” सपनाने विचारलं.

“नको गं,” श्वेता म्हणाली. “बस तू पण.”

“हे किती झालं?” प्रेमाने ताटाकडे बघत विचारलं.

“मला नाही माहीत. जेवा.”

“जास्त आहे.”

“असू दे जास्त.”

प्रेमाने घास घेतला. चव लागली असं मी सांगणार नाही, लागली नसेल. डोळ्यांत पाणी आलं नाही. श्वेताच्याही आलं नाही. सपनाही ताट वाढून घेऊन बसली, आणि तिघी कालवून जेवल्या. मधे एकदा श्वेता म्हणाली, “त्याला तुमच्या आमटीचं फार होतं. माझी आवडायची नाही.”

“तू चिंच कमी घालतेस.”

“तो पण हेच म्हणायचा.”

मग अवजारांचं बोलणं झालं, गॅस भरायचं मशीन किती जुनं आहे वगैरे. श्वेता उठली ती प्रेमाचं ताट रिकामं झाल्यावर. तोवर तिने आपला खरकटा हात तसाच वाळू दिला.

तर आता माझं एक काम करा. तुमच्या घरात कुणी वजन उतरवत असेल, कुणासाठी का असेना, तर तिला ‘किती बारीक झालीस’ म्हणू नका, आकडा विचारू नका, आणि ती जेवलीय यावर तिच्या शब्दावरून विश्वास ठेवू नका. आज तिच्या समोर ताट घेऊन बसा. तिचा शेवटचा घास जाईपर्यंत उठू नका.